अल्फा कोर्सचा रिव्ह्यू: 'तुझ्यासाठी खरं' आणि खरंच घडलेलं

पुण्यातल्या एका चर्चमध्ये नुकताच अल्फा कोर्स पूर्ण केला, भाचीला सोबत घेऊन, आणि तेव्हापासून मंडळीतले, ऑफिसातले, नात्यातले सगळेच विचारतायत की कसा आहे, जावं का, आमच्या मुलांना पाठवावं का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. घाईत असाल तर पाचपैकी साडेतीन स्टार आणि हो, जरूर जा. पण दीड स्टार का कापले ते मात्र शेवटपर्यंत वाचा, कारण ते जेवण किंवा पार्किंगसाठी कापलेले नाहीत, ते एका अशा गोष्टीसाठी कापलेत की जी माझ्या मते ख्रिस्ती विश्वासाच्या अगदी मुळाशी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. अल्फा हा ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारा कोर्स, १९७७ साली लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये चार्ल्स मार्नहॅम नावाच्या पाळकांनी सुरू केला, तेव्हा तो चर्चमध्ये नव्याने आलेल्यांसाठी होता. १९९० मध्ये निकी गंबेल यांच्याकडे तो आला, ते मूळचे बॅरिस्टर, आणि त्यांनी तो चर्चची पायरीही न चढणाऱ्या माणसांसाठी नव्याने बांधला. आज तो जगभर चालतो, अँग्लिकन, कॅथलिक, पेंटेकोस्टल, सगळेच चालवतात. पद्धत ठरलेली: आधी एकत्र जेवण, मग अर्ध्या तासाच्या आसपास भाषण किंवा व्हिडिओ, मग छोट्या टेबलवर गप्पा. साधारण दहा आठवडे, आठवड्यातून एक संध्याकाळ, मधे एक वीकेंड. फी नाही. वीकेंडच्या राहण्याखाण्याचे पैसे आमच्याकडे ज्याला जमेल त्याने दिले, ज्याला नाही जमलं त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, हे मला फार आवडलं.

व्यवस्था उत्तम. महिला मंडळातल्या बायकांनी आळीपाळीने स्वयंपाक केला, एका संध्याकाळी तर खिमा-पाव इतका छान झाला होता की भाषण सुरू झालं तरी लोक तिसरा पाव घ्यायला उठत होते, शाकाहारी लोकांसाठी वेगळं असायचं आणि तेही नुसतं नावाला नाही, नीट पोटभर. व्हिडिओ इंग्रजीत आणि चर्चा मराठीत, त्यामुळे थोडी अडचण वयस्कर लोकांना होते पण होस्ट, म्हणजे टेबलवरची चर्चा सांभाळणारे, सांगायचे समजावून.

आता मुख्य विषयावर येते. भाची कॉलेजात आहे, हुशार आहे, लहानपणी संडे स्कूलची सगळी वचनं पाठ होती तिची. अलीकडे तिच्याशी काहीही बोलायला गेलं की एकच उत्तर, "मावशी, ते तुझ्यासाठी खरं आहे ना, मग छान आहे की." रागाने नाही, प्रेमानेच म्हणते. पण मला ते ऐकलं की आत काहीतरी तुटतं, कारण तिला वाटतं ती माझ्या विश्वासाचा आदर करतेय आणि मला दिसतं की तिने तो न तपासताच बाजूला ठेवून दिलाय. 'मला निळा रंग आवडतो' हे माझ्यासाठी खरं असू शकतं. एक माणूस मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी होती, हे माझ्यासाठी खरं आणि तिच्यासाठी खोटं कसं असेल? एकतर घडलं, नाहीतर नाही घडलं. म्हणूनच तिला घेऊन गेले, आणि कोर्स याच कसोटीवर बघत होते की तो हा प्रश्न विचारतो का.

पहिल्या भागात विचारतो, आणि चांगला विचारतो. 'येशू कोण?' हे सेशन पूर्ण कोर्समधलं मला सगळ्यात भक्कम वाटलं. भावनेवर न जाता थेट इतिहासावर येतात. रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो की ख्रिस्त नावाच्या माणसाला रोमन सम्राट तिबिर्याच्या राज्यात पंतय पिलात या सुभेदाराने मृत्युदंड दिला, आणि हा टॅसिटस ख्रिस्ती लोकांचा मित्र अजिबात नव्हता, त्याला ती एक घातक अंधश्रद्धा वाटायची. म्हणजे साक्ष विरोधकाची आहे. मला तिथे एकदम जाणवलं की आपण दर रविवारी चर्चमध्ये विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणतो त्यात त्या सुभेदाराचं नाव आहे, पंतय पिलाताच्या अमलात दुःख भोगलं असं, लहानपणापासून घडाघडा म्हणत आलो पण ते नाव तिथे का आहे याचा कधी विचारच केला नाही. ते तारीख म्हणून आहे! पिलात इसवी सन २६ ते ३६ यहूदीयावर होता, १९६१ मध्ये इस्राएलमधल्या कैसरिया इथे त्याच्या नावाचा कोरलेला दगडही सापडला. विश्वासाच्या कबुलीत एका परक्या सरकारी अधिकाऱ्याचं नाव घालणं म्हणजे सरळ सांगणं आहे की ही गोष्ट अमुक ठिकाणी अमुक माणसाच्या कारकिर्दीत घडली, जा, तपासा.

आणि प्रेषित पौल, सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा, तर याच्याही पुढे जातो. करिंथच्या मंडळीला पत्र लिहितो साधारण ५५ च्या सुमारास, म्हणजे घटनेला जेमतेम पंचवीस वर्षं झालेली, आणि म्हणतो की उठलेल्या ख्रिस्ताला पाचशेहून जास्त जणांनी एका वेळी पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत. हे लिहिण्याचा अर्थ काय? जाऊन विचारा असाच ना. त्याच पंधराव्या अध्यायात तो स्वतःच सांगून टाकतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. 'तुमच्या मनाला शांती मिळते ना, मग बास' असं तो म्हणत नाही. उलट म्हणतो की मग आम्ही सगळ्या माणसांत जास्त कीव करण्यासारखे. माझ्या मते अख्ख्या बायबलमधलं हे सगळ्यात धाडसी वाक्य आहे, कारण विश्वास खोटा ठरवायचा असेल तर कुठे घाव घालायचा हे तो स्वतःच्या हाताने दाखवून देतो.

इथपर्यंत पूर्ण मार्क. पण याच सेशनमध्ये दोन गोष्टी घाईत गुंडाळल्या जातात. एक म्हणजे हस्तलिखितांचा मुद्दा. सीझरच्या युद्धवर्णनाच्या मोजक्या जुन्या प्रती आहेत, त्याही मूळ लिखाणानंतर नऊशे-एक वर्षांनी केलेल्या, आणि नव्या कराराच्या मात्र हजारो आहेत, हा तौलनिक आकडा समोर आला की टेबलवरचे सगळे वा वा करतात. बरोबरच आहे तो. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स लायब्ररीत योहानाच्या शुभवर्तमानाचा तळहाताएवढा पपायरसचा तुकडा आहे, बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात, आणि त्याच्यावर नेमक्या अठराव्या अध्यायातल्या त्या ओळींचे तुकडे आहेत जिथे येशू आणि पिलात सत्याबद्दल बोलतायत. मला तर हे वाचून काटा आला होता. पण प्रती जास्त आहेत यातून एवढंच सिद्ध होतं की मूळ मजकूर बऱ्यापैकी जसाच्या तसा आपल्यापर्यंत आला, मजकुरात लिहिलेलं घडलं हे त्यातून सिद्ध होत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळे सांगायला हवेत. तसंच जोसीफस या यहुदी इतिहासकाराचा येशूबद्दलचा उतारा, त्यात नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली आहे हे बहुतेक सगळे अभ्यासक मानतात, तर ते आपणच आधी सांगून टाकावं. नाहीतर मुलं घरी जाऊन मोबाईलवर शोधतात, त्यांना ते सापडतं आणि मग बाकीच्या भक्कम पुराव्यावरचाही विश्वास उडतो. सत्य वस्तुनिष्ठ आहे असं म्हणायचं असेल तर आपल्या बाजूच्या कच्च्या दुव्यांबद्दलही तितक्याच सरळपणे बोलावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती खास आपल्याकडची. सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाचा एक प्रसिद्ध युक्तिवाद या सेशनमध्ये येतो: येशूने स्वतःला देव म्हटलं, तर तो एकतर वेडा असेल, नाहीतर ढोंगी, नाहीतर खरोखरच देव, नुसता चांगला गुरु म्हणून मधली जागा उरत नाही. लंडनमध्ये हे ऐकून लोक विचारात पडत असतील. आमच्या टेबलवर बँकेतून रिटायर झालेले एक काका होते, सून ख्रिस्ती, म्हणून आलेले, माळकरी घरातले, ते शांतपणे म्हणाले, "हो, देवच असणार की. आम्ही कुठे नाही म्हणतोय?" आणि टेबल गप्प! कारण व्हिडिओतला युक्तिवाद जिथे जोर लावतो तिथे महाराष्ट्रात दार आधीच उघडं आहे. येशू देव आहे हे मानायला इथल्या माणसाला काही जड जात नाही, त्याचा फोटो देव्हाऱ्यात लावायलाही तो तयार असतो. जड जातं ते हे की हे सगळं एका विशिष्ट वर्षी एका विशिष्ट शहराबाहेर घडलं आणि त्यावर सगळं अवलंबून आहे.

काकांनी पुढे जे विचारलं ते कोर्सच्या एकाही व्हिडिओत नाही. म्हणाले, तुकोबा वैकुंठाला गेले, बीजेला आम्ही देहूला जातो, आता ते सदेह गेले की कसे गेले याच्यावर वाद घालणारे घालतात, पण माझी भक्ती काही त्याच्यावर टांगलेली नाही, उद्या कुणी काही सिद्ध केलं तरी अभंग तेच राहतील आणि विठोबा तोच राहील, मग तुमचीच भक्ती एवढी त्या एका रविवारच्या सकाळवर का टांगलेली? किती सुंदर आणि किती प्रामाणिक प्रश्न! आणि याचं माझ्याकडचं उत्तर असं की ख्रिस्ती विश्वास मुळात बातमी म्हणून सुरू झाला. आधी अनुभव आणि मग त्याला शोभेल अशी कथा, असा क्रम नाही. काही भेदरलेली माणसं दार लावून बसली होती आणि त्यांना कुणीतरी सांगितलं की तो उठलाय, आणि त्यांचा विश्वासच बसला नाही. त्यांच्यातला थोमा नावाचा शिष्य तर म्हणाला जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. योहानाच्या पहिल्या पत्राची सुरुवात बघा, आम्ही ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं असं तो सांगतो. अभंग खरा की खोटा असं कुणी विचारत नाही, बातमीला मात्र तेच पहिलं विचारावं लागतं. काकांना हे पटलं असं नाही, पण ते म्हणाले की आता तुमची अडचण कळली मला, आणि मला वाटतं ती संध्याकाळ तिथेच सार्थकी लागली.

याच संदर्भात एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुराणात येशूला मानाचं स्थान आहे पण त्याला वधस्तंभावर मारलं गेलं नाही असं स्पष्ट म्हटलंय. माझी एक मुस्लिम मैत्रीण आणि मी याच्यावर कित्येकदा बोललोय, आणि आमचं कधीच जमलं नाही, पण आम्ही दोघी निदान एका गोष्टीवर एकमत आहोत की आमच्यापैकी एकीचं चुकतंय. मला ही मैत्री 'दोन्ही खरं' म्हणणाऱ्या गोड बोलण्यापेक्षा कितीतरी जवळची वाटते. मतभेद खरा मानला तरच समोरच्याला सिरियसली घेतलं असं होतं ना.

आता दीड स्टार कुठे गेले ते. अल्फाचा एक नियम आहे की टेबलवर होस्टने शिकवायचं नाही, चूक सुधारायची नाही, फक्त ऐकायचं आणि प्रश्न पुढे करायचा, कुठलाही प्रश्न चालेल, कुणावर दबाव नाही. हा नियम का आहे हे मला चांगलं समजतं आणि त्याचं कौतुकही आहे, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये प्रश्न विचारला की 'विश्वास कमी पडतोय' म्हणून गप्प बसवायची सवय आहे, इथे पहिल्यांदा लोक मोकळे झाले. पण अडचण अशी होते की व्हिडिओ म्हणतो 'हे घडलं' आणि लगेच टेबल विचारतं 'तुम्हाला काय वाटलं?' आणि मग एक म्हणतो मला शांत वाटलं, दुसरी म्हणते मला आजी आठवली, तिसरा म्हणतो मला नाही पटलं, होस्ट सगळ्यांना थँक यू म्हणतो आणि संपलं. घडलं की नाही हा प्रश्न तिथल्या तिथे विरघळून जातो. भाची मला पहिल्याच दोन आठवड्यांत म्हणाली, बघ, इथेही सगळे आपापलं खरंच सांगतायत की. मला उत्तर सुचेना. नियम मोडू नका, पण एका टप्प्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर, एक संध्याकाळ अशी हवीच जिथे कुणीतरी अभ्यास असलेला माणूस बसेल, पुनरुत्थानाविरुद्धचे मुद्दे आधी नीट मांडेल, शिष्यांना भास झाले असतील का, प्रेत चोरलं असेल का, कथा वाढत गेली असेल का, आणि मग एकेकाला उत्तर देईल, जिथे उत्तर नाही तिथे नाही म्हणेल.

'विश्वास कसा ठेवायचा?' या सेशनमध्ये मात्र मला एक फार मोलाचं वाटलं. तिथे विश्वासाचे तीन आधार सांगतात: देवाचं वचन, ख्रिस्ताने केलेलं काम आणि आपल्या आत पवित्र आत्म्याची साक्ष. क्रम बघा. पहिले दोन माझ्या बाहेर आहेत, मी आज उदास आहे की आनंदात आहे याने त्यांना फरक पडत नाही. तिसरा आधार आतला आहे. भावना बदलतात, त्यांच्यावर इमारत बांधू नका असं ते स्वच्छ सांगतात. म्हणजे व्यक्तिनिष्ठ बाजू नाकारत नाहीत, तिला तिसऱ्या नंबरवर ठेवतात. डेन्मार्कचा तत्त्वज्ञ कीर्केगार्द १८४६ मध्ये लिहून गेला की सत्य म्हणजे व्यक्तिनिष्ठता, आणि लोक ते वाक्य 'ज्याचं त्याचं सत्य' असं वापरतात, पण तो बोलत होता कोपनहेगनच्या त्या लोकांशी जे जन्मापासून बाप्तिस्मा घेतलेले, सगळे सिद्धांत मान्य, आणि आयुष्यात एक काडी हललेली नाही. नगरकडच्या आमच्यासारख्या तीन-चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरांना तो ओळखीचाच वाटेल. घडलेलं खरं असलं तरी ते माझ्या अंगाला लागलं नाही तर मला काय उपयोग, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे.

मग येतो वीकेंड. पुण्याबाहेर एका रिट्रीट सेंटरवर, पवित्र आत्मा कोण, तो काय करतो, त्याने कसं भरून जायचं, अशी भाषणं आणि शेवटी प्रार्थना. काही जण रडले, एक-दोघे अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याने दिलेली मानतात अशा न शिकलेल्या भाषेत, बोलले, बऱ्याच जणांना काहीच झालं नाही आणि ते गप्प बसून राहिले. मी या गोष्टींची चेष्टा करणार नाही, मी स्वतः तिथे प्रार्थनेत खूप हलले. पण त्या वीकेंडनंतर कोर्सचा सूर बदलतो. त्याआधी 'पुरावा बघा', त्यानंतर 'तुम्हाला काय झालं ते सांगा'. ज्याला काही झालं तो आत, ज्याला नाही झालं त्याला आपण बाहेर राहिलो असं वाटायला लागतं, कुणी म्हणत नाही पण वाटतं. आणि ज्याला झालं त्याचाही विश्वास आता त्या शनिवार संध्याकाळवर उभा राहतो, ईस्टरच्या सकाळवर नाही.

हे सगळं लंडनहून आलेलं नवीन आहे असं आमच्या टेबलवरच्या तरुणांना वाटत होतं, तेव्हा मी म्हटलं अरे दौंडच्या लाईनवर केडगाव आहे ना, तिथे १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या त्या गाजलेल्या अझुसा स्ट्रीटच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या आदल्या वर्षी! कुणालाच माहीत नव्हतं. महाराष्ट्रात हा कोर्स चालवणाऱ्या प्रत्येक चर्चने एक संध्याकाळ रमाबाईंना द्यावी असं मी फीडबॅक फॉर्मवरही लिहिलंय, कारण वस्तुनिष्ठ आणि व्यक्तिनिष्ठ सत्याचा हा पेच त्यांच्याइतका पूर्ण जगलेलं माणूस आपल्याकडे दुसरं मला तरी दिसत नाही.

बघा ना. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, संस्कृत पंडिता, अख्खं भागवत तोंडपाठ असलेली बाई, वाचून विचार करून घेतला. आणि लगेच तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी वाद सुरू, त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), चर्चच्या अधिकाराबद्दल, बायबलमध्ये मला दिसत नाही ते मी केवळ तुम्ही सांगता म्हणून मानणार नाही, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आले ते दुसऱ्याचं मानेवर घ्यायला नाही, असा त्यांचा सूर. ही झाली सत्य माझ्या आवडीनिवडीवर नाही आणि तुमच्या अधिकारावरही नाही असं मानणारी बाई. आणि तरीही पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. डोक्याला पटलेलं आत उतरायला आठ वर्षं! मग तो अनुभव आला, पुढे १९०५ चं केडगावचं ते आत्मिक जागरण झालं, आणि त्यानंतर त्या काय करत बसल्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ मजकुरावरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर, १९२२ मध्ये मरेपर्यंत. अनुभव एवढा मोठा मिळालेली बाई आयुष्याची शेवटची वर्षं व्याकरणात आणि मूळ मजकुरात घालवते, कारण अनुभव ज्याचा आहे तो कोण हे माझ्या अनुभवातून नाही, त्या मजकुरातून कळतं. वीकेंडनंतर मला नेमकं हेच हवं होतं.

कवी ना. वा. टिळकांचं उलटं. त्यांना नागपूरकडून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन माणसाने नवा करार दिला, वाचताना डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, त्या वाक्यांच्या प्रेमातच पडले, आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. आधी हृदय. दोन्ही वाटा चालतात. कोर्सच्या टेबलवर मला दोन्ही तऱ्हेची माणसं दिसली आणि कोर्सने दोघांसाठी जागा ठेवावी एवढंच म्हणणं आहे.

'देव आजही बरं करतो का?' हे सेशन मला सगळ्यात कमजोर वाटलं. साक्षी ऐकायला छान असतात, पण मायग्रेन कमी झाला, कंबर सुटली, हे सगळं प्रार्थनेशिवायही होतं. फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्री बरे झाल्याचे सात हजारांहून जास्त दावे नोंदवले गेलेत, तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं ऑफिस आहे, आणि कॅथलिक चर्चने आजवर चमत्कार म्हणून मान्य केलेले फक्त सत्तरच्या आसपास. मी प्रोटेस्टंट आहे, लूर्दबद्दल माझे स्वतःचे प्रश्न आहेत, पण ही शिस्त मला फार आदराची वाटते. खरं बोलणारा देव मानायचा तर त्याच्या नावाने अर्धवट तपासलेली गोष्ट सांगू नये. आपल्याकडे मैदानांवरच्या चंगाई सभांमुळे लोक आधीच शंका घेतात, निदान या कोर्सने जास्त काळजी घ्यावी. बाकीची सेशन्स, प्रार्थना, बायबल वाचन, चर्च वगैरे, ठीक आहेत, ज्याचं आयुष्य चर्चमध्येच गेलंय त्याला त्यात नवीन काही मिळणार नाही.

भाचीचं काय झालं असं सगळेच विचारतात. ती विश्वासात आली नाही. शेवटच्या आठवड्यात रिक्षातून परत येताना म्हणाली, "मावशी, मी खूप विचार केला, मला वाटतं तो उठला नाही. त्या लोकांना मनापासून तसं वाटलं असेल, पण उठला नाही." आमच्या ताईला हे ऐकून फार वाईट वाटलं. मला मात्र त्या रात्री गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आशा वाटली, कारण 'तुझ्यासाठी खरं' हे वाक्य तिने सोडून दिलं होतं. आता ती म्हणतेय की हे खोटं आहे, म्हणजे ती त्याच प्रश्नावर उभी आहे ज्याच्यावर पौल उभा होता, फक्त पलीकडच्या बाजूला. हिच्याशी आता बोलता येतं. मी तिला विचारलं मग कबर कशी रिकामी झाली, मग पौलासारखा छळ करणारा माणूस कसा फिरला, मग येशूचा भाऊ याकोब, जो आधी मानत नव्हता, तो कसा फिरला, ती म्हणाली वाचून सांगते. आम्ही दर रविवारी उपासनेनंतर बसतो आता, तीही तिचे मुद्दे आणते आणि कधीकधी मला पुढच्या रविवारपर्यंत वेळ मागावा लागतो.

जाणार असाल तर काही प्रॅक्टिकल गोष्टी. एकटे जाऊ नका, तुमच्याशी सहमत नसलेलं कुणीतरी सोबत न्या, तुमच्यासारख्याच विचारांच्या माणसांचं टेबल झालं तर कोर्स अर्धाच मिळतो. दुसऱ्या सेशनच्या आधी लूकचं पहिलं आणि तिसरं आणि पहिल्या करिंथचं पंधरावं प्रकरण वाचून जा, अर्धा तास लागतो. वीकेंडला जरूर जा, पण तिथे काही झालं नाही म्हणून कोर्स सोडू नका, आमच्यातले दोघे तिथेच गळाले आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं. होस्टला आधीच सांगून ठेवा की कोर्स संपल्यावर पुनरुत्थानावर एक वेगळी संध्याकाळ हवी, जेवणाची जबाबदारी आपण घ्या. आमच्या चर्चने पुढच्या बॅचनंतर ती ठेवायचं मान्य केलंय, काका येणार आहेत, भाची तर येणारच आहे, आणि विरुद्ध बाजूचे मुद्दे मांडायचं काम तिनेच मागून घेतलंय.